काट्यावरची सई

रविवार, माघ वद्य षष्ठी

पेपरासाठी मुलांच्या कार्टिंगची, म्हणजे छोट्या मोटारींच्या शर्यतीची, बातमी करायला गेलो आणि जेवणावरची वासना उडाली. दहा वर्षांची सई पहिली आली. तिचा बाप उचगावचा जुना पैलवान. कुस्तीत ठरावीक गटात बसायला वजन उतरवतात, तसे त्याने पोरीला कालपासून उपाशी ठेवलेले. इथे मात्र शर्यतीनंतर गाडी चालकासकट काट्यावर चढवतात. किमान वजन भरावे लागते. भरले नाही. सई बाद. उपवासाने मोक्ष मिळतो म्हणतात, तो असा?

"एक भाकरी खाल्ली असतीस तर मेली असतीस व्हय गं?" बाप सगळ्यांदेखत ओरडला. एक भाकरी! त्यानेच नाकारलेली.

काट्यावरूनच तिने विचारले, "पप्पा, मग आता खाऊ?"

"हरल्यावर कसला खुराक?"