परसों घेणाऱ्यांचा गोतावळा

मलकपेठ, हैदराबाद

आदरणीय केशवराव यांना हिम्मतरावाचा नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण गुडघे वाकत नाहीत.) उदगीरला सगळे खुशाल असतील. तुमची पाठ कशी आहे? माधवीवहिनींची साखर आटोक्यात आहे ना? पत्र पाहून दचकू नका. घरात धड चालणारा फोन एकच, तो दिवसभर तुमच्या बहिणीच्या हातात, आणि हे तिच्या कानावर जायला नको.

सावित्री येसर मसाला भाजतानाचे व्हिडिओ मोबाईलवर टाकते हे तुम्ही जाणताच, कारण रोज पहिला लाल बदाम तुमचाच असतो. बघता बघता तिचे चाळीस हजार फॉलोअर झाले. (पूर्वी इतके अनुयायी जमले की माणूस मठ बांधायचा.) आमचे जावई हेमंतराव म्हणाले, आता ऑनलाइन दुकान काढा, शंभरात एकाने आमटीपुरता मसाला घेतला तरी हात पुरणार नाहीत. दुकान काढलं. पाकिटावर छापलं, ‘सावित्रीबाईंचा येसर’. ते पाकीट हातात घेण्याआधी तिने पदराला हात पुसले, केशवराव. घर माझ्या नावावर, गॅस माझ्या नावावर, दारावरची पाटीही माझी. तिच्या नावाची या घरातली ही पहिलीच वस्तू.

पहिल्याच दिवशी व्हिडिओखाली उत्तरांची झुंबड उडाली. ‘हौ आंटी, परसों लेतूं.’ ‘परसों पक्का मंगाते.’ माझा जन्म या शहरातला. इथला परसों म्हणजे आपला परवा नव्हे, मागचापुढचा कुठलाही दिवस, हे मला कळायला हवं होतं. इथे परसों लग्न झालेल्या माणसाला नातवंडं असतात. पण हाव सुटली की कान मराठी होतात. मी परवा धरून चाललो, गिरणीवाल्याला बसू दिलं नाही, दिवाण भरून पाकिटं केली. परवा आला नि गेला, कुत्रं फिरकलं नाही. मग मी एकेकाला लिहून विचारलं, ‘कौनसा परसों?’ लोकांना ते इतकं आवडलं की फॉलोअर आणखी वाढले. हेमंतराव म्हणाले, एंगेजमेंट उत्तम आहे. साखरपुड्याला जेवून लग्नाला तोंड न दाखवणारं एवढं वऱ्हाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. परवा (आपल्या परवा) कोठीच्या बाजारात एकाने मला अडवून सेल्फी काढला, सावित्रीला सलाम सांगितला आणि माझ्यादेखत समोरच्या दुकानातून मसाला घेतला.

आता घरात दोन्ही वेळा येसराची आमटी असते. माल संपवायचा आहे. सावित्री रडत नाही, नुसती वाढते. महिनाअखेर दुकान बंद करायचं म्हणते. माझा जीव तुटतो आणि त्या चाळीस हजारांचा मनापासून संताप येतो, त्यात तुम्हीही आलात. लोभ आहेच, तो यापुढे बदाम न टाकता दाखवावा.

आपला,
हिम्मतराव

ता. क. खरं काम आता लिहितो. न राहवून मीच ‘चारुलताबाई’ या खोट्या नावाने एक पाकीट मागवलं, पत्ता आणि फोन कोठीतल्या निवृत्तीचा, माझ्या मित्राचा, दिला. सावित्रीने पाकिटात चिठ्ठी घातली की आमटी कशी झाली ते सवडीने कळवा. तेव्हापासून ती टपालवाल्याची वाट पाहते. माझं अक्षर ती ओळखते, वहिनींचंही ओळखत असेल, म्हणून उत्तर माधवीवहिनींनी डाव्या हाताने लिहावं आणि निवृत्तीकडे पाठवावं, तो इथून टपालात टाकेल. मीठ थोडं जास्त झालं असं जरूर लिहा. नुसत्या स्तुतीवर तिचा आता विश्वास उरलेला नाही.

ता. क. २. पत्राचं पाकीट बंद करणार तोच सावित्री सांगत आली की दुकान चालू ठेवायचं, एका चारुलताबाईंसाठी का होईना. त्यांना आणखी दोन पाकिटं आणि डिंकाचे लाडू तिने आज रवाना केले. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, एवढं एकच आपलं माणूस, त्यांच्याकडून काय घ्यायचे.