बाबांच्या भाजीतलं मीठ

८ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात जस्त फार कमी झालंय, आणि ते कमी झालं की जिभेला खारटपणा नीट कळत नाही. परवा तुमच्या हातची भाजी मी कशीबशी गिळली, आणि तुम्ही वरून आणखी मीठ घेतलंत! आई गेल्यापासून टपरीवरच्या चहा-पावावर दिवस ढकललेत, दुसरं काय होणार? त्यात ब्लडप्रेशर चढलेलं. आई गेली, आता तुम्हीही असं केलंत तर मी कुणाकडे बघू? गोळ्या पाठवतेय. डाळी, दाणे, अंडी खा.

माझ्यावर लोभ आहे ना? मग तब्येत सांभाळा.

तुमची चिमणी

१७ जानेवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

गोळ्या मिळाल्या, कपाटात ठेवल्या. हल्ली शेजारच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातले घड्याळजी रोज संध्याकाळी भाजी आणून देतात आणि मला करायला लावतात. पुस्तकबांधणीच्या टेबलावरचं खळीचं भांडं बाजूला सारून आम्ही जेवतो. तुलाच ती खारट लागली. घड्याळजी तर मागून घेतात! जेवताना तांब्याभर पाणी पितात, तेवढी एक वाईट खोड.

खरं सांगू? तुझी आई गेली आणि माझी चव गेली. तिच्यामागे मला अन्न गोड लागावं, हेच नको वाटतं.

राग धरू नकोस.

बाबा

२५ जानेवारी

ती. बाबांस सा. न.

आई अंथरुणावरून उठू शकत नव्हती, तेव्हासुद्धा तुम्ही जेवलात का हे विचारल्याशिवाय औषध घेत नव्हती. तिच्यासाठी तरी गोळ्या घ्या. आणखी काय लिहू?

चिमणी

१४ एप्रिल

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

आईचं नाव काढलंस, मग माझं काय चालणार? तेव्हापासून रोज गोळ्या घेतोय. काल भाजीचा पहिला घास तोंडात घातला आणि थुंकावा लागला. नुसतं मीठ! घातलं होतं रोजच्याएवढंच. समोर घड्याळजी खाली मान घालून जेवत होते, आणखी वाढा म्हणून वाटी पुढे करत होते.

मी त्यांचा हात धरला. रोज हेच खात होतात का, म्हणून विचारलं. म्हणाले, वहिनी गेल्यावर तुम्ही पहिल्यांदाच गॅस पेटवलात. मी तोंड वाकडं केलं असतं, तर पुन्हा पेटवला नसतात. मला रडू आवरेना गं.

आज मीठ बेतानं घातलं. घड्याळजी पोटभर जेवले. पाण्याचा तांब्या भरलेला तसाच राहिला.

येशील तेव्हा तिघं बसू. माया असू दे.

बाबा