लिवलास मा?

फोंडाघाट,
ता. ९ फेब्रुवारी १९५९

शेवंती वयनीस गुरुदासाचा नमस्कार.

तुम्ही सगळी बरी असाल. इकडे काजू मोहरलेत, माझा खोकला आहे तसाच आहे. एवढं लिहून चार दिवस कागद दुमडून ठेवला होता. आता लिहितोच.

ठेकेदाराकडे बारा वर्षं मी पत्रं लिहिली. "गुरुदासाचं पत्र म्हणजे साखरेचा पाक," असं शेठ म्हणायचे आणि मी फुगायचो. वरच्या साहेबांना टोचेल असा शब्द घालायचा नाही, हा आमच्या धंद्याचा रिवाज.

रस्त्याखालच्या मोरीच्या स्लॅबला खालून दिलेले लाकडी टेके काढायचा साहेबांचा हुकूम आला, त्या दुपारी तुझा घोव, बाबली गवंडी, ऑफिसात आला. हात सिमेंटने माखलेले. म्हणाला, "गुरुदासा, सायबाक लिव. स्लॅब अजून कच्चो आसा. आताच टेके काढले तर माणूस मरतलो."

मी लिहिलं, "स्लॅबला थोडा अवधी मिळाल्यास बरे, तरी आपल्या सोयीनुसार व्हावे."

"माजा सगळा लिवलास मा?" त्याने विचारलं.

"लिवलंय रे. लाव अंगठो."

त्याने लावला. तिसऱ्या दिवशी टेके निघाले आणि स्लॅब त्याच्याच अंगावर आला.

चौकशीत तेच पत्र वाचलं. गवंड्याने धोका कळवलाच नव्हता, असं ठरलं. मी तिथेच बाकावर बसलो होतो गो, तोंड उघडलं नाही. आता गाव म्हणतो, बाबलीचाच हात कच्चा होता. तुझ्या दिरालाही कुणी चिरा बसवायला बोलावत नाही, हे मला ठाऊक आहे.

वयनी, "सोयीनुसार" लिहायला घेतलं की तो टेबलाशी येऊन उभा राहतो. भर दुपारी. ओल्या सिमेंटचा वास येतो. एकच विचारतो, "लिवलास मा?" ज्याच्या ताटात जेवलो, त्याला मी भितो.

काल चाकरी सोडली. आज कलेक्टर कचेरीला लिहिलं. बाबलीचं बोलणं जसंच्या तसं, मालवणीतच घातलं, आणि ते मी बदललं हेही. नक्कल सोबत आहे. शेजारीपाजारी अंगणात बोलव आणि तुझ्या लेकीकडून, तुळसाकडून, मोठ्याने वाचून घे. माझी लाज राखू नकोस.

नावापुढे सही करायला हात धजेना. बाबलीने लावला तसा मीही खाली अंगठाच लावला आहे.

त्याचं बोलणं गिळलेला,
गुरुदास