जहाजाखालची गाठ

नाना, रविवारी संध्याकाळी मेन स्विचच्या दांड्यावर तुमचा रुमाल बांधलेला दिसला, म्हणून लिहायला बसले आहे. दुसरं कारण नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी तुमच्या फोटोशी बोलले नाही. श्राद्धाला जेवढं करायचं तेवढं केलं आणि ताटं उचलली. मेलेल्या माणसांशी बोलत बसणाऱ्या बायकांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. पण पांढऱ्या मलमलचा रुमाल, कोपऱ्याला निळा डाग, दांड्याभोवती दोनदा फिरवून खाली खेचलेली गाठ, दोन्ही टोकं जमिनीकडे. तशी गाठ तुमच्यानंतर मी कोणाच्या हातची पाहिली नव्हती.

मी हल्ली काय करते ते तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा आधी ते सांगते. पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली, तिथून निवृत्त झाले, आणि घरी बसवेना म्हणून कडोदऱ्याच्या बाजूला हायवेलगत एक अम्युझमेंट पार्क आहे तिथे लागले. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि मधोमध एक मोठं जहाज. ते पाण्यात नाही, दोन खांबांना टांगलेलं आहे. लोक आत बसतात आणि ते झोपाळ्यासारखं वर वर जातं. लोकांना वाटतं सुरक्षा म्हणजे पट्टे लावले की नाही ते बघणं. पट्टे सोपे असतात. माझं काम लोकांना न दिसणाऱ्या भागात असतं. कुंपणामागे, जिथे तीन भाषांत 'प्रवेश बंद' लिहिलेलं आहे तिथे. जहाजाखाली पुरुषभर खोल सिमेंटचा खड्डा आहे. त्याच्या तळाशी मोटर आणि एक चाक, ते जहाजाच्या पोटाला ढकलतं. जहाज हलायला लागलं की ते पोट मोटरला घासल्यासारखं जातं. मध्ये उभ्या माणसाला जागा उरत नाही. त्या खड्ड्याच्या दाराची चावी माझ्या नावावर आहे.

पार्कमध्ये नियम असा की जो दुरुस्तीला खाली उतरेल त्याने मेन स्विच पाडून त्याला आपलं कुलूप घालायचं आणि चावी खिशात ठेवायची. तो वर येऊन आपल्या हाताने कुलूप काढेपर्यंत कोणी स्विचला हात लावायचा नाही. हा नियम मी आणला. पार्कमधल्या कामावरच्या मुलांना वाटतं मी कुठल्याशा प्रशिक्षणात शिकून आले. तो मुळात कुलपाचा नाही, रुमालाचा आहे, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तुमच्या डायिंग मिलमध्ये कुलपं नव्हती. मशीन उघडून आत शिरणारा प्रत्येक फिटर आपला रुमाल स्विचला बांधायचा आणि ज्याचा रुमाल त्यानेच सोडायचा. शेठ आला तरी, शिफ्ट बदलली तरी. तुम्ही ते घरीही आणलंत. लिंबायतची ती खोली मला अजून दिसते. मी शाळेतून येते आहे, ओट्यावर मिक्सर उघडून पडला आहे, भिंतीवरच्या मेन स्विचला तुमचा रुमाल आहे आणि तुम्ही अर्ध्यातून शिफ्टला निघून गेला आहात. खोलीत तो एकच स्विच, त्याच्यावरच दिवा आणि पंखा. आई अंधारत आलेल्या खोलीत भाकरी थापते आहे. शेजारीण दारातून म्हणते, अगं सोड की ते फडकं. आई हात झटकत म्हणते, "भूक्या राहसूत, पन या मानूसनी गाठले हात नही लावसूत." आणि मग स्वतःच हसते, की उद्या हा माझ्या तोंडाला रुमाल बांधून कामावर जाईल. त्या संध्याकाळी आम्ही अंधारात कोरडी चटणी आणि भाकरी खाल्ली. तुम्ही आलात, निळ्या पडलेल्या बोटांनी गाठ सोडलीत, दिवा लागला. कोणाचं कौतुक केलं नाहीत. मला मात्र एवढंच म्हणालात, की आत माणूस आहे का ते विचारून स्विच लावायचा नसतो, माणूस आहेच असं धरून चालायचं असतं.

शेवटची गाठ तुम्ही सोडली नाहीत. छातीत कळ आली, दुरुस्तीला शिरला होतात त्या रंगाच्या ड्रममधून बाहेर आलात, बाकावर टेकलात आणि उठला नाहीत. दहावं झाल्यावर मिलमधले दोघं दाराशी आले. चपला हातात धरून उभे होते. आईला म्हणाले, मशीन बंद आहे, शेठ ओरडतो आहे, पण आम्ही कोणी तुमच्या माणसाच्या गाठीला हात लावणार नाही, रक्ताचं कोणीतरी पाठवा. आईला उठवत नव्हतं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, थोरली होते, मी गेले. त्यांनी मला ड्रमच्या तोंडाशी नेलं. गाठ सोडण्याआधी आत वाकून हाक मारायची, आणि थांबायचं. आतला माणूस पान्याने लोखंडावर ठोकून ओ देतो. घरी जशी हाक मारतेस तशीच मार, असं ते म्हणाले. मी "नाना" म्हटलं. ड्रमने माझा आवाज मला परत दिला, ओला आणि जाडसर, जणू आत माझ्याहून मोठी कोणी बाई तुम्हाला बोलावत होती. मी थांबले. काही वाजलं नाही. मी आत डोकावून नीट पाहिलं, गाठ सोडली आणि रुमाल घेऊन घरी आले. तो माझ्या कपाटात आहे.

आता रविवारचं. दुपारी जहाजाखालच्या चाकाचा टायर बदलला होता. काम संपलं, मेकॅनिकने आपलं कुलूप काढलं आणि चहाला गेला. त्यात त्याचं चुकलं नाही. दिवे लागायच्या सुमाराला रांगेतल्या एका बाईने गार्डला सांगितलं की तिचे सासरे दिसत नाहीत. लिंबायतचं कुटुंब, नवरा लूमवर कामाला. सासरे हल्ली विसरतात, हात सोडला की चालायला लागतात. वॉकीटॉकीवर ते ऐकलं आणि मी सरळ जहाजाकडे निघाले. का तिकडेच, ते विचारू नका. मी पोहोचले तेव्हा जहाज माणसांनी भरलं होतं, पट्टे लागले होते, वरून शिट्ट्या चालू होत्या. आणि ऑपरेटर स्विचशी उभा राहून नखांनी गाठ उकलत होता.

मी म्हटलं, "हात काढ."

तो म्हणाला, मॅडम, कोणीतरी फडकं बांधून गेलंय, कचरा आहे. मी रुमाल पाहिला. आणि डायिंग मिलचा तो आंबट, गरम वास आला. हायवेकडच्या पार्कमध्ये तो वास यायचं काही कारण नाही. मालकाचा भाचा तिथला मॅनेजर आहे, तो धावत आला, लोक ओरडताहेत म्हणून. "बेन, पब्लिक बूमो पाडे छे, चालू करावो ने." मी म्हटलं, सगळ्यांना खाली उतरवा. तो म्हणाला, खाली कोण असणार, दाराला कुलूप आहे. दाराला कुलूप नव्हतं. दारात वीट होती. आतल्या प्लगवर फोन चार्ज करायला आमचाच स्टाफ ये-जा करतो, म्हणून विटेने ते उघडं ठेवलेलं होतं.

बॅटरीच्या उजेडात ते दिसले. मोटरच्या चौथऱ्याला पाठ लावून, मांडी घालून, जेवायला बसल्यासारखे. जहाजाचं पोट त्यांच्या डोक्यावर. मी उतरून म्हटलं, बाबा, चला वर. ते उठले, निमूट वर आले, सुनेने त्यांना मिठीच मारली. ऑपरेटर पुन्हा स्विचकडे वळला तेव्हा मात्र ते ताठ झाले.

"मना रुमाल शे. मीच सोडसू."

त्यांचा मुलगा, त्या बाईचा नवरा, सांगायला लागला, की वडील पांडेसऱ्यात डायिंगमध्ये होते, फिटर होते, मिल बंद पडून जमाना झाला, कुठली मिल ते त्यालाही माहीत नाही. मला एवढं पुरेसं होतं. तुमच्या हाताखाली किती हेल्पर शिकून गेले, त्यातला कोणी हा असेल, गाठ तुमच्याकडून घेतली असेल, मोटरचा वास आला आणि पाय आपोआप कामावर गेले असतील. एका गोष्टीला एक कारण मिळालं की मी दुसरं शोधत नाही. मी म्हटलं, ठीक आहे बाबा, सोडा तुम्हीच.

त्यांनी मान हलवली. "मझार अजून एक जन शे."

आत आणखी कोण, असं मी विचारलं. फिटर, म्हणाले. तो आधीपासूनच आत बसलेला होता. निळ्या बोटांचा. आपण उभे राहायला लागलो तर त्याने हाताला धरून खाली बसवलं, वर बघू नको म्हणाला. त्याला काढा, मग सोडतो.

मी दोन गार्ड खाली पाठवले. ते कोपरान् कोपरा बघून आले. कोणी नव्हतं. डायिंगच्या प्रत्येक माणसाची बोटं निळी असतात, हे मी स्वतःला सांगितलं. तोवर मॅनेजरने एक कागद तयार केला होता. त्यात होतं की पाहुणा 'प्रवेश बंद'चा बोर्ड असताना स्वतःच्या मर्जीने कुंपणाच्या आत गेला, पार्कची जबाबदारी नाही, खाली मुलाची सही. मुलगा घाबरला होता, सही करायला पुढे झाला, आमचीच चूक मॅडम, म्हातारा माणूस, असं हात जोडून म्हणत होता. मी कागद काढून घेतला. म्हटलं, बोर्ड वाचता येणाऱ्यासाठी असतो. ज्याला वाचता येत नाही, ज्याला आठवत नाही, त्याच्यासाठी दार असतं, आणि दार आपलं होतं. मॅनेजर मराठीत म्हणाला, मग लिहा तुमच्या नावावर. मी त्याच्यासमोर लिहिलं. दार उघडं होतं, चावी माझ्या नावाची. नोकरी राहील की जाईल ते अजून कळलेलं नाही.

मग मी एकटी खड्ड्यात उतरले. वर सगळे कठड्याशी उभे होते. पाहायचं ते गार्डांनी पाहिलं होतं. मी हाक मारायला गेले होते, नाना. माझं वय, माझा हुद्दा, हातात बॅटरी, आणि मी मोटरच्या मागच्या अंधाराकडे तोंड करून "नाना" म्हटलं. हळू नाही, घरी मारायचे तशी. सिमेंटने आवाज परत दिला नाही, गिळला. मी थांबले. आणि लोखंडावर ठोकल्यासारखं वाजलं. एकदा. मग, मी निघायला वळले तेव्हा, पुन्हा एकदा. तापलेलं लोखंड थंड होताना वाजतं, हे मी स्वतः मुलांना शिकवलं आहे. मोटर मात्र दुपारपासून बंद होती.

वर येऊन मी जहाज बंद ठेवायला सांगितलं. मॅनेजरने विचारलं, एका रुमालासाठी. मी हो म्हटलं. घरी आल्यावर खोचलेला पदर न सोडता आधी कपाट उघडलं. तुमचा रुमाल होता तिथेच होता, घडीत, निळा डाग पार फिका. कितीतरी वर्षांनी मी तो नाकाशी नेला. त्याला कसलाच वास नव्हता.

काल सकाळी ते बाबा पुन्हा आले. मुलाने त्यांना रिक्षातून आणलं, सून सोबत होती, कामाचा खाडा करून. पार्क अजून उघडायचं होतं, सगळे पाळणे स्थिर, जहाजाच्या तोंडावरचे रंगवलेले दात उन्हात चमकत होते. म्हातारबा स्विचशी आले, गाठीला हात लावला आणि थांबले. माझ्याकडे वळून विचारलं, "तो निंघना का?"

आई गेल्यापासून माझ्या तोंडून अहिराणी निघालेली नाही. मी म्हटलं, "निंघना, बाबा."

त्यांना ते पटलं. दोन बोटांनी गाठ सोडली, तुमच्यासारखीच, टोकं न ओढता, आणि रुमाल घडी करून माझ्या हातात दिला. मी सुनेला दिला. ती म्हणाली, आता यांच्या खिशात रुमालच ठेवत नाही. मी तिला म्हटलं, ठेवत जा.

जहाज सुरू झालं. रिकामं, तपासणीची पहिली फेरी. मी कठड्याशी उभी राहून शेवटपर्यंत खाली बघत होते. माझ्या रजिस्टरला हस्तांतराची नोंद करावी लागते. शेवटी दरवेळी मी एकच वाक्य लिहिते, 'आत कोणी नाही', आणि खाली सही. काल ते मला तसं लिहिता आलं नाही. मी बाबांना जे सांगितलं ते खरं की नाही, हे मला माहीत नाही. हे पत्र कुठे टाकणार. तुमच्या रुमालाच्या घडीत ठेवते, आणि नोंद इथेही उतरवते.

सुपूर्द केलं: पांढरा रुमाल, एक, कोपऱ्याला निळा डाग, गाठ मालकाने स्वतः सोडलेली. घेणार, त्यांची सून. खड्ड्याच्या दाराची वीट, एक. घेणार, कचरागाडी. दाराची चावी, एक. घेणार, मीच. शेरा: आत कोणी दिसलं नाही.