दोन घरांचं एक शोकेस

प्रिय असुन्ता,

नुन्झियाने तुला झुरिकला फोन केला असणारच. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि ती तुझीच चुलत बहीण, त्यामुळे मला काही बोलताही येत नाही. मिम्मा एका परपुरुषाबरोबर लेच्चेच्या जुन्या बाजारात फिरत होती, मोजायच्या टेपचं एक टोक तिच्या हातात आणि दुसरं त्याच्या, असं तिने सांगितलं असेल तर ते खरं आहे. आम्ही जुनं काचेचं शोकेस बघत होतो. तो पुरुष म्हणजे ओरोंझो. अर्ध्या गावाला ज्याने गाडी शिकवली आणि ज्याची गाडी तू कारंज्याच्या कठड्यावर चढवलीस, तोच. फोनवर हे सगळं सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शाळेच्या बाकावर देत नव्हतीस, तुझ्या भावाशी लग्न केलं तरी देत नाहीस. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही म्हणून पत्र.

ओरोंझोची कोंचेत्ता जाऊन आता चार वर्षं झाली, आपल्या पांतालेओला त्याहून जास्त. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी हा माझ्या दारात उभा राहिला, टोपी हातात, आणि म्हणाला, "मिम्मा, दोन घरांत दोन माणसं वेगवेगळ्या पातेल्यांत पास्ता उकडतात. गॅस किती फुकट जातो, बघ." मला वाटलं, गॅसचं बिल चुकून जास्त आलं म्हणून तक्रार करतोय. मी म्हटलं, कचेरीत जाऊन सांग. तो तसाच उभा. मग त्याचे कान लाल झाले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या वयात असला प्रणय नशिबी आला, बाई! मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कॉफी दिली.

मग एकदा मी त्याचं घर बघायला गेले. बघायला म्हणजे फक्त बघायला. बैठकीत कोंचेत्ताचं शोकेस, आणि त्यात काय असावं? माझंच शोकेस! एकाच गावात जन्म काढलेली आम्ही माणसं, सगळ्या लग्नांना दोघांकडची मंडळी गेलेली, लग्नाची आठवण म्हणून साखरबदामांबरोबर मिळालेली तीच ती चिनीमातीची पाखरं, तीच चांदीच्या मुलाम्याची टोपली, डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नातली तीच बिनकामाची घंटा. फक्त कोंचेत्ता गेल्यापासून कुणी हात लावलेला नव्हता. सगळं जिथल्या तिथे, वर धूळ. मी नाक मुरडत होते तेवढ्यात बेल वाजली आणि खालून नुन्झियाचा आवाज आला, "ओरोंझो, वांग्याची परमिजाना आणलीय!" आणि असुन्ता, माझ्या हाताने जे केलं ते डोक्याला विचारून केलं नाही. मी शोकेस उघडलं, मागच्या रांगेतून नुन्झियाच्या मुलीच्या लग्नातला हंस काढला, घरून अंगावरच राहिलेल्या ॲप्रनला पुसला आणि सगळ्यांच्या पुढे आणून ठेवला. घरी बेल वाजली की आयुष्यभर हेच केलंय ना आपण. जो येईल त्याची वस्तू पुढे. मग मी स्वयंपाकघरात जाऊन दाराआड उभी राहिले.

नुन्झिया आत आली. बसलीसुद्धा नाही. शोकेसकडे बघितलं आणि तिला सगळ्यांच्या पुढे उभा असलेला आपला हंस दिसला. चार वर्षं ती दर महिन्याला काहीतरी झाकून आणत होती आणि चार वर्षं तिचा हंस मागे तोंड लपवून बसलेला होता. ती शांतपणे म्हणाली, "बाहेर ये, जी कोण असशील ती. पुरुषाला हे सुचत नाही." मी बाहेर आले, तुझा ॲप्रन घालून. तो लाल चौकड्यांचा, तू झुरिकहून पाठवलेला. तिने तोही ओळखला. परमिजाना टेबलावर आदळून म्हणाली, "असुन्ताला कळू दे. तिच्या भावाच्या जागी दुसरा माणूस बसला ना, तर ती या गावात पुन्हा पाऊल ठेवायची नाही!" ओरोंझो बिचारा तिला म्हणतो, "बस, कॉफी घे." गाडी भिंतीवर आदळली तरी तो असाच बोलतो. पण तिचं ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. परमिजानात मीठ जास्त होतं, तेवढंच समाधान.

घरी येऊन मी विचार केला. लग्न करायचं झालं तर त्याच्या घरी जावं लागणार, त्याचं घर मोठं. पण कोंचेत्ताच्या शोकेसमध्ये मी माझ्या पांतालेओला उपऱ्यासारखा एका कोपऱ्यात बसवणार नाही. आणि तिचं शोकेस बाहेर काढून माझं आणायचं, तर उद्या स्वर्गात ती मला केसाला धरेल. म्हणून मी ओरोंझोला सांगितलं, तिसरं शोकेस हवं, तुझं नाही, माझं नाही. आणि जुनंच हवं. नवीन दुकानांतली ती पांढरी शोकेसं बघितली की मला दंतवैद्याकडे आल्यासारखं वाटतं, आतून दिवेसुद्धा लागतात.

लेच्चेला महिन्यातून एका रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पहिलाच विक्रेता भेटला तो किड्यांची भोकं दाखवायला लागला. म्हणे, ही भोकं म्हणजे शंभर वर्षांचा दाखला. मी चष्मा लावला. सगळी भोकं एका रेषेत, शिस्तीत. म्हटलं, तुमचा किडा सैन्यात होता का? दुसरं शोकेस एका बंद पडलेल्या चॅपेलमधलं, त्यात पूर्वी संतांच्या अस्थी ठेवायचे. मला फार आवडलं. ओरोंझोने तीनदा छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाला, "जिथे संत राहिले तिथे तुझ्या मावश्यांच्या बशा?" तिसरं कुणा जहागीरदाराच्या वाड्यातलं, ते ओरोंझोच्या बैठकीत मावलं असतं, पण मग आम्हा दोघांना जिन्यात राहावं लागलं असतं. प्रत्येक ठिकाणी हा लाकडावर बोटांनी टकटक करायचा, छाती तपासणाऱ्या डॉक्टरसारखा मान हलवायचा, आणि त्याला लाकडातलं शष्प कळत नाही.

शेवटी गलातिना गावात एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे सापडलं. अक्रोडाचं, दोन दारांचं, पूर्वी रेशीम आणि बटणं विकणाऱ्या दुकानातलं. काच जुनी आहे, पलीकडून ओरोंझोचं नाक कधी लांब दिसतं, कधी आखूड. आणि तिथेच आमचं जुंपलं. मी म्हटलं, वरचा कप्पा कोंचेत्ताचा, खालचा पांतालेओचा, मधे आपला. तो म्हणाला, नाही, दोघांच्या लग्नाच्या वस्तू वरच्या कप्प्यात शेजारी शेजारी. मी म्हटलं, शोभतं का? परक्या बाईशेजारी माझा नवरा? विक्रेता मधेच म्हणाला, "किती वर्षं झाली लग्नाला? एवढं छान भांडायला तीस तरी लागतात." मी त्याच्यावर असे डोळे वटारले की तो मागे सरला. तेव्हा ओरोंझो हळूच म्हणाला, "मिम्मा, आपण चौघं आहोत. चौघांना एकाच घरात राहायचंय. तू भिंती कशाला घालतेस?" असुन्ता, मी त्या दुकानात रडले. भर दुपारी, परक्या माणसासमोर. विक्रेत्याने धावत खुर्ची आणली आणि मी बसल्यावर म्हणाला, "सावकाश बसा, तीही विकायचीच आहे." रडता रडता मला हसू आलं, आणि तेव्हा मला कळलं की या माणसाबरोबर मला राहायचंय. हे मी तुला सरळच लिहिते. पांतालेओ मला आठवत नाही असा दिवस जात नाही. सुपाच्या भांड्यात लपवलेल्या त्याच्या सिगारेटी मी अजून फेकलेल्या नाहीत. पण ओरोंझो दुपारी आला नाही तर मला घास गिळवत नाही, हेही खरं आहे.

शोकेस आता ओरोंझोच्या बैठकीत उभं आहे, पुसून लख्ख, आणि आत काहीही नाही. तो रोज विचारतो, कधी लावायचं, आणि मी म्हणते, थांब. कशाला थांब ते त्याला सांगितलेलं नाही, तुला सांगते. माझे आईवडील गेले, मूल झालं नाही, माझं म्हणून जे काही आहे ते तू. दर ऑगस्टला तू भावाच्या घरी येतेस. भाऊ गेल्यावरही आलीस, माझ्यासाठी आलीस, हे तू कधी बोलली नाहीस तरी मला कळलं. आता मी दुसऱ्या घरी गेले तर तू येशील का, हे विचारायला हे पत्र. फादरने सप्टेंबरची तारीख दिलीय, पण मला तू ऑगस्टपासून इथे हवी आहेस, ओरोंझोच्या घरी, माझ्याकडे म्हणून. आणि तुझ्याशी खोटं कधी बोलले नाही, म्हणून हेही सांगून टाकते. तू येणार नाहीस असं कळवलंस, तरी मी लग्न करणार आहे. फक्त मग मी ते रडत करीन. मला ते हसत करायचंय, असुन्ता.

तुझीच,
मिम्मा