थोरली घरी येण्यासाठी वाढीव वीजभार मिळणेबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
वीजपुरवठा उपविभाग,
आहेनक्रो.

अर्जदार : अकुआ ब्रेमपोमा, वय ४८, लिपिक, मुलींची माध्यमिक शाळा. राहणार दोम्फे यांचे घर, जुन्या कोको गोदामामागे, आहेनक्रो.

विषय : राहत्या घराचा वीजभार वाढवून, जुनी वायर व कटआउट बदलून मिळणे, तसेच वीजजोडणी तोडण्याची नोटीस मागे घेणे.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, दि. ७ ऑक्टोबर २०२४. २) आपल्या कार्यालयाचे खुलासा मागणारे पत्र, दि. २१ जानेवारी २०२५. ३) आपली नोटीस, दि. २४ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. सादर करण्यात येते की, वरील अकरा खोल्यांच्या घरास १९६९ साली वीज मिळाली. त्या वेळी घरात अकरा दिवे आणि एक रेडिओ होता. खांबावरून येणारी वायर आजही तीच आहे आणि मुख्य फ्यूजचा तीस अँपिअरचा कटआउटही तोच आहे. घर मात्र तसे राहिलेले नाही. आज घरात पाच फ्रिज, सात टीव्ही, चार इस्त्र्या आणि अर्जदाराची मावसबहीण कॉम्फर्ट हिचा पाण्याच्या पिशव्या गोठवण्याचा मोठा फ्रीझर आहे. फ्रीझर सुरू झाला की समोरच्या खोलीतला टीव्ही बंद पडतो. मग दोन्ही खोल्यांतून एकमेकींच्या माहेराचा उद्धार होतो, आणि माहेर एकच असल्यामुळे कोणाचेच समाधान होत नाही. इथवरचे सर्व अर्जदाराने आजवर निमूट सोसले आहे व त्याबद्दल हा अर्ज नाही.

२. अर्जदाराच्या मातोश्री नाना अफुआ चेरेवा, वय ७९, या सदर घराच्या थोरल्या आहेत. चाळीस वर्षे चुलीच्या धुरावर मासे भाजून विकल्याने त्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले. सप्टेंबरपासून त्या येथील हॉस्पिटलात ऑक्सिजनवर आहेत. हवेतून ऑक्सिजन काढणारे मशीन असेल तर त्या घरी राहू शकतात, असे डॉक्टरांनी सांगितले. मशीन अर्जदाराच्या भावाने हॅम्बुर्गहून पाठवले असून ते घरी मातोश्रींच्या पलंगाशेजारी तयार उभे आहे. त्याची चाचणी घ्यायला हॉस्पिटलचा तंत्रज्ञ आला, त्या दिवशी अकराही खोल्यांनी शपथा घेऊन आपापली बटणे बंद केली. नवव्या मिनिटाला मशीन किंचाळू लागले. सातव्या खोलीत कोणाला तरी तेवढ्यात पुरण्याच्या विधीला नेसायच्या काळ्या कापडावर इस्त्री फिरवून घ्यायची होती. अर्जदाराने स्टॅबिलायझरही आणून लावला. त्याने पहिल्याच दिवशी कटआउट उडवला. वॉर्डच्या सिस्टर दोर्कास यांनी अर्जदारास बाजूला घेऊन सांगितले, "बाई, तुमच्या आईला इथे कोंडून ठेवायची मला हौस नाही. घरची वीज मशीनला पुरते, एवढा वीजवाल्यांचा कागद आणा. त्याच दुपारी सोडते." तो कागद आपल्या कार्यालयाकडून मिळतो व तो मिळण्याच्या खटपटीला आज पाच महिने होत आहेत.

३. संदर्भ क्र. २ च्या पत्रात आपल्या कार्यालयाने विचारले आहे की, दि. १९ सप्टेंबरला मयत झालेले मीटरधारक ओपान्यिन क्वाबेना दोम्फे हे दि. ७ ऑक्टोबरला आजारी कसे असू शकतात, आणि अर्जदाराने कार्यालयाची दिशाभूल का केली. त्याचा खुलासा पुढीलप्रमाणे. दोम्फेमामा आमचे कुटुंबप्रमुख होते. कुटुंबप्रमुख गेल्यावर गावच्या राजांकडे श्नॅप्स या दारूची बाटली घेऊन जायचे असते आणि राजांच्या कानावर घालायचे असते. तोवर घरातल्या कोणीही 'मेले' हा शब्द तोंडातून काढायचा नसतो. रडायचेसुद्धा नसते. ती बाटली कोणी न्यायची यावरून आमच्या घरात सव्वीस दिवस वाद चालला. त्या सव्वीस दिवसांत मामा शवागारात होते, अर्जदार आपल्या कार्यालयाच्या खिडकीपाशी होती आणि फॉर्मवर रकाना होता : 'मीटरधारक समक्ष हजर नसल्यास कारण'. अर्जदाराने लिहिले, 'प्रकृती ठीक नसल्याने येऊ शकत नाहीत.' याहून खरे लिहिण्याची तिला परवानगी नव्हती. खिडकीवरील लिपिक श्री. लार्बी हे किनाऱ्याकडचे, आमची रीत ठाऊक नसलेले सज्जन गृहस्थ. त्यांनी 'बरे झाल्यावर यावे' असा शेरा मारून फाईल बाजूला ठेवली. अर्जदार स्वतः बावीस वर्षे लिपिक आहे. श्री. लार्बी यांच्या जागी असती तर तिनेही हेच केले असते, म्हणून तिला कोणावर रागावताही येत नाही.

४. पुढे राजांना कळवून झाले, मामांना पुरून झाले व अर्जदाराने मृत्यूचा दाखला सादर केला. त्यावर श्री. लार्बी यांनी नियम वाचून दाखवला : मीटरधारक मयत असल्यास नव्या कुटुंबप्रमुखाची सही लागेल. अर्जदाराने स्वतःच्या खोलीपुरते वेगळे मीटर मागितले. त्यालाही कुटुंबप्रमुखाचे ना-हरकत पत्र लागते. अर्जदाराने पाच मामांच्या सह्यांचे पत्र आणून दिले. श्री. लार्बी म्हणाले, पाच सह्यांचा एक प्रमुख होत नाही. आपण या भागात नव्याने रुजू झाला आहात म्हणून नम्रपणे नमूद करते की, आमच्यात कुटुंबप्रमुख घराची थोरली नेमते. तिच्याशिवाय कोणीही नेमत नाही, आणि ती घराच्या अंगणात, सर्व ज्येष्ठांसमोर, जमिनीवर दारूची धार सोडून मगच नाव उच्चारते. आमच्या घराची थोरली कोण, हे परिच्छेद २ मध्ये आले आहे.

म्हणजे सही मिळाल्याशिवाय वीज वाढत नाही, वीज वाढल्याशिवाय थोरली घरी येत नाही, आणि थोरली घरी आल्याशिवाय सही करणारा माणूस जन्मालाच येत नाही. अर्जदाराने मामांना विनवले की, हॉस्पिटलात जाऊन खाटेपाशीच मातोश्रींकडून नाव घ्या. सर्वांत ज्येष्ठ क्वादवोमामा यांनी शांतपणे उत्तर दिले, "पोरी, सलाईनच्या खांबाखाली नेमलेला प्रमुख उद्या कोण मानेल? उद्या त्याने जमीन विकली तर भांडायला तुलाच पाठवू." त्यांचे म्हणणे बरोबर आहे. महोदय, या प्रकरणात आजवर भेटलेल्या प्रत्येकाचे म्हणणे बरोबर आहे, आणि आई तरीही तिथेच आहे.

५. अशात संदर्भ क्र. ३ ची नोटीस आली. मीटर मयत व्यक्तीच्या नावे असल्याचे कार्यालयाच्या निदर्शनास आल्याने, नवा धारक न दिल्यास सोमवार दि. १७ मार्च रोजी जोडणी तोडण्यात येईल. ते निदर्शनास कोणी आणले? अर्जदारानेच, तीन छायाप्रतींसह. अधिक वीज मागायला गेली आणि असलेली घालवून आली, म्हणून घरातल्या नऊ खोल्या अर्जदाराशी बोलत नाहीत. कॉम्फर्ट मात्र बोलते. तिने बोलू नये असे वाटते.

६. ही नोटीस अर्जदाराने मातोश्रींना वाचून दाखवायला नको होती, पण त्यांनी वाचायला लावली. त्यांनी नळी नाकावर नीट बसवून घेतली, सगळे ऐकले व सिस्टर दोर्कास यांना बोलावून विचारले की, रुग्णवाहिकेत ठेवतात तो छोटा सिलिंडर किती वेळ पुरतो. दोन तास, असे उत्तर मिळाले. त्यावर त्यांनी क्वादवोमामांना निरोप धाडला की, शुक्रवार दि. १४ मार्च रोजी सकाळी सर्व ज्येष्ठांनी अंगणात हजर राहावे, लांबलचक नमस्कार घरी करून यावेत, आणि ज्याला भाषण करायचे असेल त्याने ते शनिवारी करावे.

डॉक्टरांनी दोन तासांसाठी लेखी परवानगी दिली आहे. सिलिंडर सकाळी दहा वाजता उघडेल. हॉस्पिटल ते घर पंचवीस मिनिटे. खुर्चीवर बसवून अंगणात आणायला दहा. धार, नाव आणि ज्येष्ठांचे मान डोलावणे, मातोश्रींच्या हिशेबाने पंधरा, अर्जदाराच्या हिशेबाने तीस. म्हणजे अकरा वाजून पाच मिनिटांनी या घराला कुटुंबप्रमुख असेल व तो जागेवरच आपल्या फॉर्मवर सही करेल. नवी वायर खांबावरून ओढून मोठा कटआउट बसवायला चाळीस मिनिटे लागतात, असे आपल्याच लाइनमनने अर्जदारास सांगितले आहे. मग पंधरा मिनिटे उरतात.

७. तरी विनंती की, त्या दिवशी अकरा वाजता आपला लाइनमन वायर, शिडी व कटआउटसह आमच्या दारात उभा असावा. सोबत शिक्का घेऊन श्री. लार्बीही यावेत, म्हणजे सही झाल्याझाल्या फॉर्म मंजूर करता येईल. सहीआधी खांबाला हात लावू नये, हा नियम अर्जदारास मान्य आहे. त्यांना फक्त दारात उभे राहायचे आहे.

इथवर मी 'अर्जदार' म्हणून लिहिले. शेवटचे मात्र मला माझ्या नावानेच लिहिले पाहिजे. मी आईला म्हटले, लाइनमन नाही आला तर सव्वाअकराला तुला परत गाडीत बसवीन. ती म्हणाली, "नाही बसायची. माझ्या अंगणातून मला उचलून नेऊ नकोस, अकुआ. मशीन चाललं तर चाललं." तिने माझा हात सोडला नाही, तेव्हा बरे, असे म्हणून मी शब्द दिला. आमच्याकडे थोरलीला दिलेला शब्द मागे घेता येत नाही. लाइनमन येवो वा न येवो, बारा वाजता सिलिंडर संपेल आणि मी तिच्याजवळ बसलेली असेन.

आपल्या उत्तराची नव्हे, आपल्या माणसाची वाट पाहणारी,
(सही) अकुआ ब्रेमपोमा
आहेनक्रो, सोमवार, दि. ३ मार्च २०२५

सोबत :
१) ओपान्यिन क्वाबेना दोम्फे यांच्या मृत्यूचा दाखला, चौथी प्रत.
२) मशीनला लागणाऱ्या विजेबाबत हॉस्पिटलचे पत्र.
३) दोन तासांसाठी डॉक्टरांची परवानगी.
४) वाढीव वीजभाराचा फॉर्म, पूर्ण भरलेला. कुटुंबप्रमुखाच्या नावाची व सहीची जागा दि. १४ मार्च, सकाळी अकरापर्यंत कोरी.