चौथ्या बारचा उशीर

४ जानेवारी, सकाळी ६.५०
अखेर निर्णय घेतला. मेहुण्याला बँडमधून काढलं. म्हणजे काढलं असं नाही, ड्रम मशीन घेतलं. मशीन आल्यावर ड्रमरचं काय करायचं हा प्रश्न आपोआप सुटतो.

अकरा वर्षं सहन केलं. माणूस चांगला. बायकोचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो, त्या कामात नाव आहे. पण ताल ढिला. दर चौथ्या बारच्या, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाच्या, शेवटी, नेमका मी कीबोर्डवर कॉर्ड बदलत असताना, हा मागे रेंगाळतो. सांगितलं की मान डोलावतो आणि पुन्हा रेंगाळतो.

नव्या हॉटेलात दर शनिवारी संध्याकाळी लाइव्ह म्युझिक ठेवणार आहेत. मॅनेजर २१ मार्चला आम्हाला ऐकून ठरवणार. आजवर लोकांच्या वाढदिवसांना वाजवत आलो. जेवण सुरू झालं की सगळ्यांची आमच्याकडे पाठ. हे एक ठिकाण मिळायलाच हवं. वय बावन्न. यापुढे कोण विचारणार?

संकल्प: रोज सकाळी एक तास रियाज.

५ जानेवारी
रियाज नाही. मशीनचं मॅन्युअल वाचलं. ११२ पैकी ३ पानं. डोळे दुखले.

८ जानेवारी
बायकोने विचारलं, त्याला सांगितलंत का? म्हटलं, मेसेज केलाय. काय म्हणाला? म्हटलं, अंगठा पाठवलाय. म्हणजे समजूतदारपणे घेतलं त्याने. यावर ती काही बोलली नाही. रात्री जेवतानाही नाही. तिचं डोकं दुखत असावं.

१८ जानेवारी
मशीनसोबत पहिली प्रॅक्टिस. गिटारला आमचा डेंटिस्ट. गायिका लायब्ररीत नोकरी करते, आठवडाभर कुजबुजते आणि रविवारी सगळं वसूल करते.

मशीन सरळ वाजतं, घड्याळासारखं. तीन बार छान. चौथ्याला मी कॉर्ड बदलतो तोवर मशीन पुढे पळालेलं. सात वेळा करून पाहिलं, सातही वेळा पळालं. डेंटिस्ट म्हणाला, मशीन पळत नाही रे, ते कसं पळेल? दातांच्या माणसाला तालातलं काय कळणार? कानाडोळा केला.

मशीन सदोष असावं.

२ फेब्रुवारी
फोनवर एका ग्रुपमध्ये सामील झालो. ‘ताल आणि मशीन’. तीनशे सभासद, सगळे जाणकार. नव्या मशीनला जीव नसतो, जुन्या सॅम्पलरला असतो, यावर एकमत आहे. बाकी कशावरच नाही. मशीनमध्ये स्विंग नावाची सोय असते, तिने ठोका किंचित मागे सरकतो आणि माणसाने वाजवल्यासारखं वाटतं. एक म्हणाला, स्विंग ५४ टक्क्यांवर ठेवा. दुसरा म्हणाला, ५४ नवशिक्यांसाठी, खरा माणूस ५७ ला असतो. दोन दिवस हमरीतुमरी. मीही ५६ सुचवून पाहिलं, दोन्ही बाजूंनी झोडपलं.

मध्येच एकाने विचारलं, यावर कोणी गाणं केलंय का? कोणी उत्तर दिलं नाही. तो ग्रुप सोडून गेला.

रियाजाचं उद्यापासून बघू.

९ फेब्रुवारी
ग्रुपमधल्या एकाचा जुना सॅम्पलर घेतला. याच्यात कुठलाही आवाज भरायचा आणि बटणावर वाजवायचा. वजन एवढं की तीन जिने चढवताना कंबर धरली.

बायको म्हणाली, घरात दोन मशीनं आली आणि एक माणूस यायचा बंद झाला. मी समजावलं की ड्रम मशीन आणि सॅम्पलर यांची तुलना होऊ शकत नाही. ती ऐकत नव्हती.

मेहुणा पूर्वी रविवारी प्रॅक्टिसनंतर चहाला थांबायचा, खुर्ची ठरलेली. महिना झाला, आलेला नाही. कामं असतील. लिफ्टी काय, रोज कुठे ना कुठे बंद पडतात.

१५ फेब्रुवारी
कपाटाचं दार, पातेल्याचं झाकण आणि बाथरूममधली चप्पल रेकॉर्ड केली. चप्पल भरली आणि सॅम्पलरची मेमरी संपली. प्रॅक्टिसला गायिकेने विचारलं, ही चप्पल कोणाची? प्रेमगीत होतं, त्यामुळे तिची लय बिघडली म्हणे.

चौथ्या बारला पुन्हा तेच. मशीन बदललं, तरी पळणं तेच. सगळ्या कंपन्या सारख्याच.

२२ फेब्रुवारी
जिन्यात उभा राहून डेंटिस्टला फोनवर सांगत होतो की चौथ्या बारला आपण नेहमी अडखळतो, तिसऱ्यापर्यंत सगळे शुद्धीत असतात. मागे शेजारच्या काकू उभ्या होत्या. तेव्हापासून बायकोला जिन्यात गाठून खांद्यावर हात ठेवतात.

एक महिना राहिला. झोप नीट लागत नाही. दमलोय. रियाज केला असता तर आणखी दमलो असतो.

१ मार्च
शोध लागला! जुनी रेकॉर्डिंग्ज काढली. पाच वर्षांपूर्वीची, तीन वर्षांपूर्वीची. काय बसायचं माझं वाजवणं तेव्हा! कुठेही धक्का नाही. कानाला हेडफोन, डोळ्यांत तेल घालून एकेक ठोका मोजला. चौथ्या बारचा शेवटचा ठोका केसभर उशिरा येतो. कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त. ग्रुपवाले जिच्यासाठी भांडतात ती जादू हीच. आणि ती माझ्या बँडमध्ये, माझ्या हाताखाली घडत होती!

सगळ्यांची सरासरी काढली आणि सॅम्पलरमध्ये तेवढा उशीर घातला.

३ मार्च, सकाळी ७.१०
आज हेडफोन न लावता वाजवून पाहिलं. बायको स्वयंपाकघरातून दोन कप घेऊन आली. खुर्चीकडे बघितलं, मग दाराकडे. म्हणाली, धाकटा आलाय ना? म्हटलं, छे, मशीन आहे. तिने दुसरा कप खुर्चीसमोर ठेवला आणि आत गेली.

तो चहाही मीच प्यायलो. वाईट वाटलं. गार झाला होता म्हणून असेल.

८ मार्च
प्रॅक्टिस अप्रतिम. एकदाही धक्का नाही. डेंटिस्ट म्हणाला, अरे, हा तर… आणि गायिकेकडे बघून गप्प बसला. मी सांगितलं, हा मी शोधलेला उशीर आहे. ग्रुपवर टाकला. अठ्ठावीस जणांनी विचारलं, कुठल्या मशीनचा? एकाने लिहिलं, ड्रमर चांगला आहे. अडाणी.

हॉटेल मिळाल्यात जमा आहे. रियाजाची गरज उरली नाही.

२१ मार्च, रात्री ९
हॉटेलातून आलो.

पहिलं गाणं ठीक झालं. दुसऱ्याला मॅनेजर अगदी समोर येऊन उभा राहिला आणि माझ्या बोटांना घाम सुटला. चौथा बार आला. मशीन थांबलं, पण जेवढं सांगितलं होतं तेवढंच. मला आज जास्त वेळ लागत होता. पुढच्या चौथ्याला आणखी जास्त. तिसऱ्या गाण्यात मशीन एकीकडे, मी एकीकडे, आणि मध्ये गायिका, कोणाबरोबर जावं या विचारात. शेवटी ती गप्प झाली. मशीन एकटंच वाजत राहिलं. बंद करायचं बटण मला सापडेना.

मॅनेजर म्हणाला, कळवतो. मग म्हणाला, एका वाढदिवसाला तुम्हाला ऐकलं होतं, तेव्हा एक ड्रमर होता ना?

परतताना गाडीत डेंटिस्टने रेडिओसुद्धा लावला नाही.

२४ मार्च
मॅनेजरचा मेसेज आला. नाही म्हणाला.

हॉटेलच्या प्लगमध्ये व्होल्टेज कमी असणार. मशीन तपासायला विजेतलं कळणारा माणूस हवा. ओळखीत असा एकच. ऑफिसातून अर्धा दिवस सुटी टाकून गेलो. मेहुणा एका आठ मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीत होता. लिफ्ट त्यानेच बंद ठेवलेली. सॅम्पलर घेऊन आठ मजले चढलो.

मला बघून म्हणाला, भावोजी, बसा आधी, पाणी प्या. हात पुसले, हेडफोन लावले. ऐकता ऐकता हसायला लागला. म्हणाला, हा तर मी. पण हे असं दर वेळी सारखंच का थांबतंय?

म्हटलं, सरासरी काढली.

म्हणाला, सरासरीने कसं चालेल भावोजी? चौथ्या बारला तुम्ही खाली बघता, बोट कुठे ठेवायचं ते शोधता. कधी लवकर सापडतं, कधी नाही. मी तुमच्या खांद्याकडे बघायचो. खांदा खाली आला की सापडलं. मग वाजवायचो. लिफ्टचं दार लागताना कोणी धावत येत असलं तर आपण बटण दाबून धरतोच ना, तसं.

विचारलं, कधीपासून? म्हणाला, पहिल्या कार्यक्रमापासून. विचारलं, मग बोलला का नाहीस? मी एवढं टाकून बोलायचो तेव्हा तरी? तो स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागला. मग म्हणाला, ताईने सांगितलं होतं, त्यांना कळू देऊ नकोस, त्यांना तेवढंच एक आहे.

म्हणजे तिला माहीत होतं. डेंटिस्टला, गायिकेला, सगळ्यांना. अकरा वर्षं. मी किती वेळा चारचौघांत त्याला बोललो ते मोजायचा प्रयत्न केला, जमलं नाही. लाज वाटली. व्होल्टेजचं काही विचारलं नाही.

परत ये म्हटलं. तो म्हणाला, ड्रम देऊन टाकले हो, फेब्रुवारीतच. नुसते समोर दिसायचे, बरं वाटेना.

मग लिफ्ट सुरू करून मला खाली सोडलं. मी उतरेपर्यंत बटण दाबून धरलं होतं.

२५ मार्च, सकाळी ६
रियाज. ड्रम मशीन सरळ लावून. चाळीस मिनिटं. ते एकदाही थांबलं नाही.

२६ मार्च
रियाज. कंटाळा. केला.

२७ मार्च
रियाज. चौथ्या बारला दहापैकी तीनदा वेळेवर. बायकोने दाराआडून ऐकलं असावं. चहा आपणहून आला.

२८ मार्च
दहापैकी सहा. मेहुण्याला मेसेज केला, उद्या ये. अंगठा आला. हा अंगठा म्हणजे काय, ते आता खात्रीने सांगता येत नाही.

२९ मार्च
आला. ड्रम नाहीत, म्हणून बिस्किटांचा रिकामा डबा आणि दोन चमचे घेऊन बसला. खुर्ची तीच. बायको समोर. मशीनं दोन्ही पलंगाखाली.

एक, दोन, तीन बार. चौथा आला. मी खाली बघितलं नाही. बोट बरोबर पडलं, अगदी ठोक्यावर. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी वेळेवर पोचलो, आणि तो सवयीने माझ्यासाठी थांबलेला. चमचा मागाहून वाजला. बायको डोळे पुसेपर्यंत हसली. तो म्हणाला, माफ करा भावोजी, चुकलं.

या वेळी चूक खरोखरच त्याची होती. बोललो नाही. पुन्हा पहिल्यापासून घेतलं.